चौघांची एकच ड्रेनेज लाइन: पाणी तुमच्याकडं चढलं म्हणजे चूक तुमची नव्हे

प्रश्न नांदेडच्या एका ताईंचा आहे. एका रांगेत चार घरं, चौघांची घरामागून जाणारी एकच ड्रेनेज लाइन आणि ताईंचं घर सगळ्यात उताराला. महिनाभरात तिसऱ्यांदा त्यांच्या न्हाणीत घाण पाणी वर आलंय. शेजारी म्हणतात, "आमच्याकडं काहीच नाही. तुमच्याच घरात तुंबायलंय, तुम्हीच बघा." ताईंनी दोनदा ॲसिड ओतलं, एकदा माणूस लावून साफ करून घेतलं. चार दिवस बरे गेले, पुन्हा तेच. आता करावं काय आणि खर्च कुणी उचलावा, असं त्यांनी विचारलंय.

ताई, मी छत्रपती संभाजीनगरात २६ वर्षं ड्रेनेजचंच काम करतो. सिडकोतली रो-हाउसं, गुंठेवारीतल्या वसाहती, जुन्या शहरातले वाडे, सगळीकडं हा तंटा बघितला आणि बहुतेक वेळा सगळ्यात खालच्या घरालाच बोल लागलेला बघितला. म्हणून आधी हेच सांगतो. पाणी जिथं वर येतं तिथं ते अडलेलं नसतं. अडतं पुढं कुठंतरी, मग पाइपात मागं मागं भरत येतं आणि ज्या घराची फरशी सगळ्यात खाली, त्या घरच्या जाळीतून बाहेर पडतं. शेजाऱ्यांची जोती तुमच्यापेक्षा दोन पायऱ्या उंच असतील तर त्यांना खरंच काही दिसत नसेल. ते खोटं बोलत नाहीत. त्यांच्याच घरचं पाणी तुमच्याकडं चढतंय, हे त्यांना ठाऊक नाही इतकंच.

हे बोलून पटत नाही, डोळ्यांनी दाखवावं लागतं. पुढच्या वेळी पाणी चढलं की घरातले सगळे नळ बंद करा, तासभर संडास-न्हाणी वापरू नका आणि न्हाणीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीनं रेघ मारा. तुमच्याकडं एक थेंब सांडलेला नसताना पाणी रेघेच्या वर गेलं, तर ते कुणाचं आहे हे सांगायला प्लंबर लागत नाही. त्याउपर कुणाला शंका असेल तर पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या घरच्या काकूंना विनंती करून बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ गडद कालवा, त्यांच्या संडासात ओता आणि तुमच्या मागचं चेंबर उघडून सगळ्यांना तिथं उभं करा. जालन्यात दोन सख्ख्या भावांचं याच कारणावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. निळं पाणी धाकट्याच्या चेंबरात उतरलेलं बघून थोरला काही न बोलता घरात गेला आणि पहार घेऊन बाहेर आला.

आता अडलंय कुठं ते शोधायचं. रविवारी सकाळी, चारही घरची माणसं असताना, मागची सगळी चेंबरं उघडा. झाकण काढलं की लगेच वाकून तोंड आत घालू नका. अर्धा तास तसंच उघडं राहू द्या आणि जवळपास बिडी-काडी पेटवू देऊ नका. मग रस्त्याच्या बाजूनं वर वर बघत या. रस्त्यावरचं महापालिकेचं चेंबर मोकळं वाहतंय आणि तुमचं, म्हणजे चौथ्या घराचं, तोंडापर्यंत भरलंय, तर गाळ त्या दोघांच्या मधल्या पाइपात आहे. तुमचं कोरडं आणि तिसऱ्याचं भरलेलं असेल तर तुमच्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. पण तुमच्या न्हाणीत पाणी चढतंय यावरून मला पहिलीच शक्यता जास्त वाटते. आणि रस्त्यावरचं चेंबरच भरलेलं असेल तर स्वतःचा एक रुपयाही खर्चू नका. ती लाइन महापालिकेची, काम त्यांचं. फोटो काढा, लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि जेटिंग-सक्शनची, म्हणजे दाबाच्या पाण्यानं गाळ फोडून ओढून घेणारी गाडीच मागा. नुसता बांबूच्या कामट्या घेतलेला माणूस मोठ्या लाइनला पुरा पडत नाही.

कित्येक ठिकाणी पंचाईत अशी होते की चेंबरच सापडत नाही. मागची मोकळी जागा कुणी स्वयंपाकघरात घेतलेली, कुणी वर फरशी टाकून भांडी घासायचा ओटा बांधलेला. सिडकोत तर मी एका घरात देवघराखालून चेंबर काढलंय. दोन चेंबरांमधली सरळ रेघ धरायची, तिच्यावरून पहारेच्या मागच्या टोकानं ठोकत जायचं. भरीव जमिनीवर आवाज बसका येतो, झाकणावर पोकळ. तिथं फरशी फोडावी लागेल म्हणून घरमालक नाराज होतो, पण फोडल्यावर पुन्हा फरशीखाली गाडू नका. चौकट बसवून त्याच मापाची फरशी झाकणावर लावता येते, हात घालून उचलता येते, दिसतही नाही.

साफ करताना बहुतेक लोक भरलेल्या चेंबरातून रॉड ढकलतात. मी शक्यतो कोरड्या बाजूनं, म्हणजे खालच्या चेंबरातून वर रॉड घालतो. पाइपाचं तोंड दिसतं, रॉड किती फूट गेला ते मोजता येतं आणि गाळ पुढं ढकलला जाण्याऐवजी हातात येतो. मात्र अडथळा सुटला की तुंबलेलं सगळं पाणी एकदम येतं, त्यामुळं तोंडासमोर उभं राहू नये, बाजूला राहावं. पुढं जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी एक जाळी उभी करावी, नाहीतर तुमच्याकडचा बोळा वीस फूट पुढं जाऊन पुन्हा बसतो. ताई, चार दिवस बरं जाऊन पुन्हा तुंबतं, त्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. पेचाचे रॉड असतील तर ते उजवीकडंच फिरवायचे. गडबडीत डावीकडं फिरवले की आत आटे सुटतात, पुढचा तुकडा पाइपात राहतो आणि मग खोदण्याशिवाय इलाज नसतो. बांबूची कामटी स्वस्त, पण जुनी वाळलेली कामटी आत मोडते. ओली, लवचिक घ्यावी.

बाहेर आलेला गाळ फेकून देण्याआधी घमेल्यात घेऊन नीट बघा. माझ्या मते सगळ्या कामातली ही सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. खाली जड, काळी रेव बसलेली असेल तर कुणाकडंतरी अजून राखेनं किंवा मातीनं भांडी घासतात, किंवा गच्चीच्या पावसाच्या पाण्याचा पाइप या लाइनला जोडलेला आहे. पांढरट, साबणासारखा थर असेल तर तो तेल-तुपाचा. घरच्या कार्यक्रमात येसरची आमटी उरते, पातेली तशीच मोरीत खळखळतात, वरचा तवंग पाइपात जाऊन थंडीत घट्ट होतो. त्यावर काटवट धुतलेलं ज्वारीच्या पिठाचं पाणी बसतं आणि लेप तयार होतो. चिंध्या, केस, सॅनिटरी पॅड हे तर नेहमीचंच. आणि बारीक तांबूस मुळ्यांची जाडजूड वेणी निघाली, तर पाइपाचा सांधा फुटलाय आणि कडुलिंबाचं किंवा पिंपळाचं मूळ आत शिरलंय असं समजा. अशी एक वेणी मी गेल्या वर्षी काढली, दीड हात लांब, घोड्याच्या शेपटीसारखी. ती कापून काम भागत नाही. मूळ पुन्हा वाढतं. तेवढा पाइप बदलावाच लागतो.

ॲसिडबद्दल कळकळीनं सांगतो. पाणी साचलेलं असताना ओतलेलं ॲसिड अडथळ्यापर्यंत पोचतच नाही, वरच्या पाण्यात मिसळून तिथंच राहतं. चेंबरच्या सिमेंटचा गिलावा मात्र ते खातं. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो; बंद न्हाणीत तो जिवावर बेततो. आणि दोन दिवसांनी जो माणूस तुमचं चेंबर उघडतो, त्याच्या हातावर-डोळ्यांत ते पाणी उडतं. माझ्या मनगटावर असा डाग आहे. त्या घरच्यांनी ॲसिड टाकलंय हे सांगितलं नव्हतं. कुणालाही कामाला बोलवाल तेव्हा आधी काय काय ओतलंय ते सांगा.

आणि माणूस चेंबरात उतरवायचा नाही. घरामागचं दोन फुटांचं उथळ चेंबर वरून साफ होतं, त्यात उतरायची गरजच नसते. खोल चेंबर किंवा सेप्टिक टँक असेल तर कितीही ओळखीचा, कितीही तयारीचा माणूस असला तरी नाही. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी राहतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाकाला वास कळेनासाच होतो, आणि माणसाला वाटतं, आता वायू गेला. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्यानं गटार आणि सेप्टिक टँक अशा धोकादायक पद्धतीनं साफ करून घेण्यावर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आहे. "पाचशे रुपये जास्त देतो, उतर" असं म्हणणारी माणसं वाईट नसतात, त्यांना घाई असते. पण त्या घाईत माणूस गेलेला आहे, म्हणून लिहितो. मशीन येईपर्यंत दोन दिवस शेजारच्या गल्लीत संडासला जावं लागलं तरी चालेल.

आता तुमची लाइन पुन्हा पुन्हा का तुंबते, याचा विचार करू. एकदाच तुंबली असती तर चिंधी म्हणून सोडून दिलं असतं. महिन्यात तीनदा म्हणजे पाइपाचा उतार बिघडलाय, अशी मला दाट शंका आहे. चार इंची पाइपाला दर ४० ते ६० फुटांना एक फूट उतार लागतो. सहा इंची पाइपाला ६० फुटांना एक फूट धरतात. तुमची घरं वीस-वीस फूट रुंदीची असतील तर पहिल्या चेंबरपासून तुमच्या चेंबरपर्यंत साधारण ६० फुटांची लाइन झाली, म्हणजे पहिल्या चेंबरच्या तळापासून तुमच्या चेंबरच्या तळापर्यंत निदान १२ इंच फरक हवा. गवंड्याकडं पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी असते, तिनं अर्ध्या तासात मोजून होतं. चार घरांना मी सहा इंची पाइपच सांगतो. बऱ्याच ठिकाणी पहिल्या घरानं स्वतःपुरता चार इंची टाकला आणि मागून आलेले त्यालाच जोडत गेले, असं निघतं.

आपल्याकडं उतार एकदा बरोबर दिला तरी टिकत नाही, याला कारण काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मे महिन्यात शेतात पायाचा पंजा जाईल अशी भेग पडते ती तुम्ही बघितलीच असेल. तीच भेग घरामागच्या पाइपाखालीही पडते. पाइप मधेच खचतो, तिथं पोट पडतं, पोटात पाणी साचतं आणि गाळ बसतो. सिमेंटनं जोडलेले जुने चिनी मातीचे पाइप तर सांध्यात उकलतात. लाइन नव्यानं टाकायची झाली तर काळी माती उकरून काढा, खाली अर्धा फूट मुरूम टाका, पाणी मारून धुमसा, मग रबरी रिंगचा पाइप, आणि बाजूलाही मुरूमच. खोदलेली काळी मातीच परत लोटायची आणि वर फरशी घालायची, हे मी बघतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण तीन-चार पावसाळ्यांनी त्याच घरातून पुन्हा फोन येणार असतो. चेंबर बांधताना तळ सपाट सोडू नका. मधून अर्धगोल नाली आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडं उतरता गिलावा, म्हणजे मैला कोपऱ्यात बसत नाही.

दुसरं कारण पाण्याचं. ड्रेनेजची लाइन पाण्यावर चालते. पाइपातलं पाणी सेकंदाला साधारण दोन फुटांच्या वेगानं गेलं तरच ते गाळ सोबत नेतं. आपल्याकडं नळ चार-चार, कुठं आठ-आठ दिवसांनी येतो. माणूस संडासात अर्धी बादली टाकतो, त्यात त्याची चूक काय? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात मी तिथं मेहुण्याकडं होतो. भांड्यांचं पाणी संडासाला, अंघोळीचं फरशीला, असं चाललेलं. त्यांच्या गल्लीतली चेंबरं मी उघडून बघितली तर मैला वाळून थर झालेला होता. पाणी कमी पडलं की ड्रेनेज आधी मरतं, कळतं मात्र महिन्यांनी. यावर मी एक साधा उपाय सांगतो आणि तो लागू पडतो. नळ येतो त्या दिवशी कपड्यांचं, मशीनचं शेवटचं खळखळलेलं पाणी चारही घरांनी टिपाडात साठवायचं. संध्याकाळी पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या चेंबरात सगळं टिपाड एकदम लोटायचं. थोडं थोडं ओतून उपयोग नाही, लोंढा जायला हवा. आठवड्यातून एकदा. चांगलं पाणी एक तांब्याही वाया जात नाही.

नळाचा विषय निघालाच आहे तर याच्याकडं दुर्लक्ष करू नका. नळाची लाइन आणि ड्रेनेजची लाइन बऱ्याच गल्ल्यांत हातभर अंतरावरून जातात, कधी नळाचा पाइप नालीतूनच गेलेला असतो. नळ रोज चोवीस तास चालू असता तर आतला दाब घाण आत येऊ देत नाही. आपल्याकडं पाइप दिवसेंदिवस रिकामा राहतो. पुरवठा बंद होताना रिकामा होणारा पाइप बाहेरचं ओढून घेतो. शेजारी ड्रेनेज तुंबून मातीत मुरत असेल आणि नळाच्या पाइपाला बारीक चीर असेल, तर तेच तुमच्या हौदात येतं. कावीळ, गॅस्ट्रो इथून सुरू होतात. म्हणून तुंबलेलं असेपर्यंत नळाचं पहिलं पाणी सोडून द्या, रंग-वास बघा, प्यायचं पाणी उकळून घ्या. वास आला तर त्या दिवशीचं पाणी हौदात घेऊच नका आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी लेखी कळवा. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर यात एक दिवसाचीही चालढकल नको.

खर्चाचं. शेजाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगा: पहिल्या घरचं पाणी पूर्ण लाइनीतून जातं. म्हणजे सगळ्यात जास्त पाइप तेच वापरतात, आणि त्रास मात्र त्यांना कधीच होत नाही. तुमचं पाणी फक्त शेवटच्या तुकड्यातून जातं. तुमच्या चेंबरपासून रस्त्यापर्यंतचा तुकडा चौघांचाही आहे, त्यामुळं तिथं गाळ निघाला तर चार सारखे वाटे. तुकड्या-तुकड्याचा हिशेब करता येतो, पण मी सांगेन की करू नका. दर महिन्याला प्रत्येक घरानं ठरावीक रक्कम एका वहीत जमा करा. साफसफाई, झाकणं, पुढंमागं पाइप बदलणं, सगळं त्यातून. वही पहिल्या घरात ठेवा, तुमच्याकडं नको. ज्याला त्रास नाही त्याच्या हातात वही असली की त्याचं लक्ष राहतं. अपार्टमेंट किंवा सोसायटी असती तर सामायिक ड्रेनेजची दुरुस्ती सोसायटीनंच करायची असते, तिथं हा वाद यायला नको.

एखादा शेजारी चेंबर उघडूच देत नसेल, तर कायदा तुमच्या बाजूनं आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणं दुसऱ्याच्या जागेतून वीस वर्षं उघडपणे, विनातक्रार आणि हक्क म्हणून पाणी जात असेल तर तो हक्क बनतो. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात दाखला आहे की ज्याच्या पाइपाचा हक्क आहे तो दुरुस्तीसाठी शेजाऱ्याच्या जागेत जाऊन खोदू शकतो, मात्र जमीन पूर्ववत करून द्यायची. वकिलाची नोटीस हा शेवटचा मार्ग ठेवा. मी आधी कलमाची झेरॉक्स घेऊन गल्लीतल्या एखाद्या मानाच्या मामांना मध्ये घालतो, बहुतेक तिथंच मिटतं. फोडलेली फरशी त्याच रंगाची परत बसवून देऊ, हे आधीच बोललं तर निम्मा विरोध गळतो.

तोवर तुमच्या घरापुरतं एक करता येईल. तुमच्या न्हाणी-संडासचा पाइप सामायिक चेंबरला मिळतो, त्याच्या आधी एकेरी झडप बसवा. पाणी बाहेर जाईल, आत येणार नाही. ती फक्त तुमच्या फाट्यावर, सामायिक लाइनीवर कधीच नको. दोन महिन्यांनी उघडून झडपेत अडकलेला कचरा काढावा लागतो आणि पुढं तुंबलेलं असताना ती बंद होते, म्हणजे तेवढा वेळ तुमचंही पाणी जाणार नाही. अजून एक गोष्ट आधीच शेजाऱ्यांच्या कानावर घाला: तुमच्याकडं दार बंद झालं की पुढच्या वेळी पाणी तिसऱ्या घरात चढेल. न सांगता झडप बसवली आणि त्यांच्या घरात पाणी आलं, तर नवं भांडण उभं राहील.

रविवारी चेंबरं उघडल्यावर कोणतं कोरडं निघालं, कोणतं भरलेलं, पहिल्या आणि चौथ्याच्या तळात किती इंच फरक आला आणि घमेल्यात काय निघालं, एवढं लिहून कळवा. रेव आणि तेल निघालं तर खोदायची गरज पडणार नाही. मुळ्या निघाल्या किंवा उतार १० इंचांच्या खाली भरला, तर पावसाळ्याच्या आधी, जमीन कोरडी असतानाच काम काढावं लागेल, आणि मुरूम किती लागेल ते मी मापावरून सांगेन.